खांद्यावरची लेस

३ एप्रिल

लेक आली. न कळवता, भर दुपारी, दोन बॅगा घेऊन. मी एका गिऱ्हाइकाच्या पँटची चेन बदलत होते आणि तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे "अगं, अशी अचानक?" एवढंही धड विचारता आलं नाही. टाचण्या काढेपर्यंत ती आत जाऊन हातपाय धुऊन आली. म्हणाली, "थोडे दिवस राहते." मी म्हटलं, "राहा की, घर तुझंच आहे."

थोडे म्हणजे किती, ते विचारलं नाही. लग्न झालेल्या मुलीला पहिल्याच दिवशी असं विचारू नये. दोघांत काहीतरी बिनसलं असणार. लग्नाला चार वर्षं झाली, एवढ्यात भांड्याला भांडं लागतंच. आमच्या ह्यांच्याशी मी पहिली दहा वर्षं भांडले, नंतरची वीस वर्षं ते ऐकत नसत म्हणून मीच थांबले.

५ एप्रिल

जावयाचा फोन आला. माझ्या फोनवर. तिचा बंद आहे म्हणे.

"आई, नीट पोचली ना ती? जेवते ना? माझ्यावर जरा रागावलीय. तुम्ही मनावर घेऊ नका हं. आणि तुमचे डोळ्यांतले थेंब संपले असतील, पाठवून देऊ का?"

माझ्या पोटच्या पोरीला माझे थेंब आठवत नाहीत आणि ह्याला आठवतात. मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. महिनाअखेरीला ये आणि घेऊन जा. शब्द देते." त्याला बरं वाटलं.

लेकीला सांगितलं, तर ती उठून आत गेली. दोरीवरचे कपडे काढ म्हटलं, तर म्हणे, "आई, तू काढ ना." सासरी काय नोकरचाकर ठेवलेत की काय! दोरीपर्यंत हात वर करायचा म्हणजे हिच्या जिवावर येतं.

८ एप्रिल

आज तिने एक बॅग माझ्या कापायच्या टेबलावर उपडी केली. सगळे कॉटनचे ड्रेस. फिके निळे, पिवळसर, बारीक फुलांचे. कापड उत्तम. धुऊन धुऊन असं मऊ झालेलं की विकत घ्यायला गेलात तर मिळणार नाही.

"आई, ह्यांचे उन्हाळी कपडे करू. लहान मुलींचे फ्रॉक, बायकांचे बिनबाह्यांचे टॉप. लेस लावून. लोक हल्ली असलं शोधत असतात."

"लोकांचे उतरलेले कपडे लोक पैसे देऊन घेतात?"

"माझे उतरलेले," ती म्हणाली. "लोकांचे नाहीत."

मी एकेक उलटा करून पाहिला. सवयच आहे. कापड कुठे विरतं ते ठरलेलं असतं. काखेत, गळ्याशी, कोपराला आणि जिथे माणूस बसतं तिथे. हिचे ड्रेस ह्या सगळ्या जागी धड होते आणि फाटले होते खांद्याशी. बहुतेक डाव्या.

"हा कशाने फाटला?"

"दाराच्या कडीत अडकला."

"आणि हा?"

"तोही."

"मग कडी बदला बाई, नाहीतर तिच्यापायी कपाट रिकामं व्हायचं." ती हसली नाही. पूर्वी माझ्या असल्या बोलण्यावर ती तोंडात घास असताना हसायची.

मग खरी गोष्ट बाहेर आली. तिला परत जायचं नाही. इथेच राहून हा धंदा करायचा आहे. मी म्हटलं, "हे बघ, नव्याचे नऊ दिवस. मी जावयाला शब्द दिलाय." बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं. महिनाअखेरच्या रविवारी पुढच्या खोलीत कपडे मांडायचे. चांगले विकले गेले तर ती राहील. नाही गेले तर तो न्यायला आला की मुकाट्याने त्याच्याबरोबर जायचं.

मला वाटतं, नाही जाणार. कोण घेणार जुन्यातून शिवलेलं? मी तिच्या भल्यासाठीच हो म्हटलं आहे.

११ एप्रिल

लेसच्या दुकानात गेलो. तो दुकानदार माणूस चांगला, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी आपल्या गुडघेदुखीची सगळी हकिगत सांगतो. मी अरुंद लेस काढली होती, स्वस्त आणि नाजूक. लेक म्हणाली, "रुंद हवी. खांदा झाकला पाहिजे."

खांद्याचं काय करायचं, ते मला रात्रीच सुचलं होतं, पण बोलले नव्हते. फाटका भाग कापून टाकायचा आणि तिथे रुंद सुती लेसची पट्टी घालायची. एकाच खांद्याला लावली तर ठिगळ दिसेल, म्हणून दोन्हीकडे लावायची. मग वाटेल की मुळातच असं शिवलंय. लेकीने टेबलावर लेस ठेवून पाहिली आणि म्हणाली, "आई, तू ग्रेट आहेस." मी म्हटलं, "पुरे, खडू दे इकडे." पण छान वाटलं, ते लिहून ठेवते.

१४ एप्रिल

फजिती. सगळा दोष माझा.

जुनं कापड पाण्यातून इतक्यांदा गेलेलं असतं की त्यात आटायचं काही उरलेलं नसतं. म्हणून कापण्याआधी भिजवायची गरज नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. चांगले पाच-सहा नग शिवून झाले. लेक म्हणाली, एक धुऊन पाहू. धुतला, वाळवला, तर दोन्ही खांदे चुरमडून कानापर्यंत वर गेलेले, जणू फ्रॉकला थंडी वाजतेय. कापड जुनं होतं, पण लेस कोरी होती! ती आटली आणि कापड होतं तसंच राहिलं. इतकी वर्षं मशीनवर बसून मला हे कळू नये? कोरं कापड आलं की मी आधी बादलीत टाकते. ह्या वेळी जुन्याच्या भरवशावर राहिले.

लेकीने तो फ्रॉक हँगरला लावला आणि आपलेही खांदे वर करून त्याच्या शेजारी उभी राहिली. मग एकदम "आई गं" म्हणून डावा खांदा धरला, पण हसतच होती. मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो दोघी.

सगळी लेस उसवली. उरलेली गरम पाण्यात बुडवून ठेवली. दिवस फुकट गेला, पण ह्या घरात कितीतरी दिवसांनी इतका आवाज झाला.

१६ एप्रिल

जावयाचा रोजचा फोन. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे खरंच आहे. मी त्याला लेसची फजिती सांगितली, कपडे कापतोय तेही सांगितलं. त्याने पलीकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "कुठले कपडे?"

"तिचेच. तू घेऊन दिलेले कॉटनचे."

"कापू द्या, कापू द्या. मी आणखी घेऊन देईन. तसेही खांदे फाटलेच होते सगळ्यांचे."

खांद्यांचं मी त्याला सांगितलंही नव्हतं. किती लक्ष असतं ह्याचं बायकोच्या कपड्यांवर! आमच्या ह्यांना मी एकदा ब्लाऊज उलटा घालून वाढलं होतं, तरी कळलं नाही.

१९ एप्रिल

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई टॉप बघायला आल्या. एक पिवळसर टॉप त्यांनी उलटा केला, आतून शिलाई पाहिली, मग लेसवरून अंगठा फिरवला. खाली टोपलीत कापलेले फाटके खांदे पडले होते. त्यातलेही दोन-चार उचलून उजेडात धरून पाहिले.

"हे सगळे एकीचेच?"

"आमच्या लेकीचे. त्यांच्याकडे दाराची कडी वाईट आहे."

"हं," त्या म्हणाल्या. मग हळूच, "तिचा हात कोणाला दाखवला का?"

"हाताला काय झालंय?"

"काही नाही. सहज विचारलं."

सहज म्हणे! ह्या नर्सबाईंना सवयच आहे, दवाखान्याबाहेरही पेशंट शोधत असतात. मागे माझ्या दुधवाल्याला म्हणाल्या, तुझी नखं पिवळी दिसतात. मात्र बाई मनाने चांगल्या. रविवारी दवाखान्यातल्या सगळ्या बायकांना घेऊन येते म्हणाल्या. दोन टॉप बाजूला काढून ठेवायलाही सांगितले. म्हणजे विकायला सुरुवात झाली म्हणायची.

२२ एप्रिल

खरं सांगायचं तर मला आता कळेनासं झालं आहे की हे कपडे विकले जावेत की नाही. विकले गेले तर मुलगी घरी बसली, लोक चार तोंडांनी बोलणार आणि माझा शब्द खोटा पडणार. परवा मनात आलं, जरा वाईट शिवावं. गळा थोडा वाकडा, लेस थोडी ढिली. कोणाला कळणार होतं? बसले मशीनवर. वाकडा शिवायला घेतला आणि चार टाक्यांत हात आपोआप सरळ झाला. वाईट शिवायला मला येतच नाही.

लेकीचं काम मात्र बघण्यासारखं आहे. उन्हाळी टॉपचा काखेकडचा मुंढा किती खोल ठेवायचा, म्हणजे वारा लागेल आणि उघडंही पडणार नाही, हे तिचं तिला नेमकं समजतं. लहान फ्रॉकांच्या घेराला ती लेस अशी सोडते की पोरगी चालली की लेस चालते. हे मी तिला शिकवलेलं नाही.

२४ एप्रिल

आज शेवटचा ड्रेस कापायला घेतला, गडद निळा. हा तिने बॅगेच्या तळाशी ठेवला होता आणि आज काढून दिला.

विरलेलं कापड फाटतं तेव्हा फाटीची कड मऊ असते, पिंजलेली. सुतं आधीच थकलेली असतात. ह्याची कड तशी नव्हती. कापड जाड, धड, फारसं वापरलेलंही नाही. शिलाई उसवली नव्हती, शिलाईच्या शेजारी कापडच फाटलं होतं, खांद्यापासून थेट पाठीपर्यंत. कडीत अडकलं तर त्रिकोणी फाटतं, इतपत मला कळतं. धड कापड असं फाडायचं तर खूप जोर लागतो.

मी लेकीकडे पाहिलं. ती बॉबिन भरत होती. विचारणार होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेलं, तरी विचारलं नाही.

घरोघरी मातीच्या चुली. निळ्याचे दोन लहान फ्रॉक होतील. पांढरी लेस त्याच्यावर उठून दिसेल.

२७ एप्रिल

इस्त्री, बटणं, हँगर. पुढच्या खोलीत खिडकीजवळ आडवा बांबू बांधला. लेक स्टुलाशेजारी उभी राहून सूचना देत होती आणि मी ह्या वयात स्टुलावर चढून दोरी आवळत होते. उंटावरून शेळ्या हाकते, दुसरं काय.

जावई विचारत होता, कधी येऊ? मी म्हटलं, "रविवारीच ये. तिचं काम बघून तुलाही बरं वाटेल." लेकीला सांगितलं नाही. समोरासमोर आले की राग निवळेल. रागावलेली माणसं फोनवर वेगळी असतात आणि समोर वेगळी.

आज मला जेवण गेलं नाही. उन्हाचं असेल.

३० एप्रिल, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळपासून बायका येत होत्या. नर्सबाईंनी खरंच अर्धा दवाखाना आणला. मला वाटलं होतं, नाकं मुरडतील. उलट कापड गालाला लावून बघत होत्या. "किती मऊ!" "नवं असं मिळतच नाही." निळ्या फ्रॉकांतला एकच उरला, त्याच्यावरून दोन आयांची चांगलीच जुंपली, शेवटी एकीला पिवळा दिला. दुपारपर्यंत बांबू निम्मा रिकामा. लेकीचे गाल लाल झाले होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. ती जिंकली होती. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी आत जाऊन पाणी प्यायले.

बाहेर आले तर जावई दारात उभा. हातात फळांची पेटी, इस्त्रीचा शर्ट, हसतमुख. "आई, कशा आहात?" म्हणून माझ्या पाया पडल्यासारखं वाकला. लेक बांबूपाशी होती. तिने त्याला पाहिलं, मग मला पाहिलं. तिला कळलं की मीच बोलावलंय. तिच्या गालांचा रंग उतरताना मी पाहिला.

तो लगेच बायकांच्यात मिसळला. "घ्या घ्या, सगळा माझ्याच पैशांचा माल आहे हं!" बायका हसल्या. त्यातली एक, मुलीच्या अंगावर फ्रॉक चढवता चढवता म्हणाली, "प्रत्येकाच्या खांद्यावरच लेस! सुंदर दिसते हो. ही कल्पना कोणाची?"

"आमच्या सासूबाईंची," तो म्हणाला. "सोन्यासारखा हात आहे त्यांचा."

"नाही," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही, भाव सांगावा तसं म्हणाली. "कल्पना ह्याची. हा जिथे जिथे फाडत गेला, तिथे तिथे आम्ही लेस लावली."

बायकांचे हात हँगरवरच थांबले. ती लहान मुलगी तेवढी आरशासमोर गोल फिरत होती.

तो हसला. मला वाटतं, असं काही ऐकलं की माणूस आधी गोंधळतो, चिडतो, काय बोलतेस म्हणतो. हा नुसता हसला आणि माझ्याकडे वळला. "बघितलंत, आई? आता लोकांसमोर हे असं. तुम्ही समजवा तिला. तुम्ही शब्द दिलाय मला."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी उभ्या आयुष्यात दिलेला शब्द मोडलेला नाही. मंगळवार सांगितला तर मंगळवारी कपडा तयार, ताप असला तरी. पण माझ्या डोळ्यांसमोर तो गडद निळा ड्रेस होता आणि त्याची ती कड.

मी म्हटलं, "दिला होता. परत घेतला."

"म्हणजे?"

"म्हणजे ती येणार नाही. तू जा."

तेव्हा मी त्याचा दुसरा आवाज ऐकला. "म्हातारे, तूच फूस लावतेस तिला," असं म्हणाला, आणि आणखीही बरंच, ते इथे लिहीत नाही. तो लेकीच्या दिशेने दोन पावलं गेला. नर्सबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. हातात टॉप तसाच. "ह्याच्यात मोठं माप आहे का हो?" त्यांनी लेकीला विचारलं, पण तोंड त्याच्याकडे होतं. त्यांच्यामागे बाकीच्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या. तो सगळ्यांकडे एकदा बघून गेला. जिन्यावर त्याने पेटी फेकली असावी, फळं खालपर्यंत गडगडत गेल्याचं ऐकू आलं.

लेक म्हणाली, "आई, बस." आणि नर्सबाईंना म्हणाली, "मोठं माप आहे, थांबा, काढते." संध्याकाळपर्यंत बांबूवर एकही कपडा उरला नाही.

तिने मला, तू त्याला का बोलावलंस, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२ मे

काल दाराला आतून दुसरा बोल्ट लावून घेतला. जावयाचा फोन वाजत राहिला, शेवटी मी त्याचा नंबर बंद करून टाकला. ते कसं करायचं हे मला येत नव्हतं, लेकीने दाखवलं.

आज सकाळी मशीनवर बसले आणि उगाच तेल घालत राहिले. शिवायला काही नव्हतंच. लेक जुनाच गाऊन घालून चहा करत होती. तिचे सगळे कॉटनचे कपडे तर विकले गेले! ऐन उन्हाळ्यात पोरीला घालायला घरात धड काही नाही. कपाटात माझ्याकडे एक कोरं पांढरं कापड पडून होतं, कोणासाठी घेतलं होतं आठवत नाही. ते काढून बादलीत भिजत टाकलं.

"इकडे ये," म्हटलं. "माप घेते."

"माझं माप तुला पाठ आहे, आई."

"लग्नाआधीचं पाठ आहे. ये."

ती समोर उभी राहिली. उंची घेतली, छाती, कंबर. बारीक झाली आहे. मग खांद्याचं माप घ्यायला मागे गेले, उजव्या खांद्यावर टेप धरली आणि डाव्याकडे ताणून जरा टेकवली. हात नेहमीसारखाच लावला होता, जसा हजार जणींना लावला असेल.

ती आखडली. म्हणाली, "आई, हळू."

टेप माझ्या हातातून सुटली. मी स्टूल ओढलं, तिच्या समोर बसले, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून," ती म्हणाली.